शिवलेली बाही

नगरहून राहात्याला लेकीकडे जाताना राहुरी मागं पडली, की थंडीच्या दिवसांत एसटीच्या खिडकीतून एक वास आत येतो. उसाचा रस कढत असल्याचा. आता त्या रस्त्याला गुऱ्हाळं फारशी उरलेली नाहीत. जी आहेत ती पाटी लावून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसलेली असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला द्रोणातून काकवी चाखायला देतात. पण वास तोच आहे. मागच्या खेपेला शेजारच्या सीटवरची बाई डोळे मिटून म्हणाली, "काय ते दिवस होते हो!" तिला वाटलं, मीही मान डोलावीन. मी काही डोलावली नाही. ते दिवस कसे होते ते मला चांगलं ठाऊक आहे आणि त्यांना सोनेरी म्हणायची माझी तयारी नाही. गोड होते, एवढं मात्र खरं. इतके गोड, की राखेनं घासून धुतले तरी हात चिकटच राहायचे.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीची ती थंडी. देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, कॅनॉलच्या अंगाला आमचा मळा. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती आणि रंजी, माझी थोरली, अडीच वर्षांची होती. घरात माणसं मोजकी. सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात आत्याबाई. सासरे, म्हणजे मामंजी. आमचे हे, आणि आम्ही मायलेकी. माझं माहेर श्रीगोंद्याचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत शिकलेली सून म्हणून मळ्यात माझा थोडा दरारा होता आणि पुष्कळशी चेष्टा होती. भाकरी जाड झाली की मॅट्रिकवर यायचं, चूल धुमसली तरी मॅट्रिकवरच यायचं.

ऊस बराचसा कारखान्याला जायचा, पण मामंजी दोन-अडीच एकर हट्टानं गुऱ्हाळासाठी मागं ठेवायचे. मार्गशीर्षात बांधाच्या कडेला चुलवाण पेटायचं, वर खाटेएवढी काहील चढायची आणि चरकाचं इंजिन दिवस उजाडायच्या आत डुकडुक करायला लागायचं. मग दोन महिने मळ्यात दुसरा विषय नाही. अंगणात पिळलेल्या उसाची चिपाडं, परसात चिपाडं, केसांत चिपाडांचा भुसा. माश्या तर अशा, की गुळाला बसायच्या त्या आमच्या भुवयांवर बसायच्या. या सगळ्यात मला एक अडीच वर्षांची पोर सांभाळायची होती, दोन वेळचा पंधरा गड्यांचा स्वयंपाक करायचा होता, आणि त्यातूनही आम्ही दोघी खेळायचो. हे मी मुद्दाम सांगते आहे. कामातून सवड काढून पोरीशी खेळणं हा त्या घरात सुनेचा आळशीपणा समजला जायचा, आणि तो आळशीपणा मी उघड उघड करायची.

खेळणी कुठली असणार? जत्रेत घेतलेला एक लाकडी बैल होता, त्याची चाकं केव्हाच चुलीत गेली होती. पण गुऱ्हाळाच्या दिवसांत खेळण्यांना काय तोटा! वाळल्या चिपाडाचा आतला मऊ भाग काढून त्याच्या बाहुल्या करायच्या, उसाच्या शेंड्याच्या, म्हणजे वाढ्याच्या, पातीची शेंडी लावायची. रसावरची मळी काढून टाकलेली असायची, तिच्या फेसात काडी घालून बुडबुडे मोजायचे. रंजीचं मोजणं दोनपर्यंत जायचं आणि परत एकवर यायचं. चुलवाणाची राख गार झाली की ती पसरून तिच्यात कोंबडीच्या पायांचे ठसे शोधायचे. आणि सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे भिंत. पडवीच्या भिंतीला मी रंजीच्या उंचीपुरता पांढऱ्या मातीचा पट्टा सारवून दिला होता. ती चुलवाणातला विझलेला कोळसा घेऊन तिथं चित्रं काढायची. भिंत भरली, की मी पुन्हा सारवायची आणि तिला कोरी भिंत मिळायची.

चित्रं म्हणजे काय, रेघोट्याच. पण प्रत्येक रेघोटीला नाव असायचं. एक गोल म्हणजे म्हैस. त्याच्या शेजारचा दुसरा गोल म्हणजे म्हशीनं खाल्लेलं गवत, जे तिच्या पोटात आहे आणि बाहेरही आहे. एकदा तिनं भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते ठिपके काढले. टक, टक, टक, कोळसा आपटत ती चालत गेली. मी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "विंजन." तिनं इंजिन काढलं नव्हतं, इंजिनाचा आवाज काढला होता. मी पिठाच्या हातानं तिला उचलली आणि तिच्या गालाचा असा मुका घेतला, की पडवीत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "भाकर करपली बग तुजी, मॅट्रिक."

हे सगळं रंजी डाव्या हातानं करायची.

मला ते आधीच दिसलं होतं. घास डाव्यानं, बाहुली डाव्यानं, कोळसा डाव्यानं. मी काही बोलले नव्हते, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं. आत्याबाईंना ते दिसलं दिवाळीच्या सुमाराला. सुरुवातीला त्या नुसत्या "उजवा, उजवा" म्हणून तिचा हात खाली करायच्या. मग हळूच चापट आली. मग पोरीनं डावा हात पुढं केला, की तिच्या हातातली वस्तू काढून घ्यायला लागल्या. रंजी ऐकेना. ऐकेना म्हणजे तिला कळतच नव्हतं, की आपलं काय चुकतंय. अडीच वर्षांच्या पोरीला दोन हात असतात, त्यातला एक चांगला आणि एक वाईट हे तिला कुठून माहीत असणार?

"डावरी पोर हाय," आत्याबाई मला म्हणाल्या. "आत्ताच वळान लावलं पायजे. उद्या सासरी गेल्यावर कोन खपवून घील?"

"सासरी जायला अजून बराच वेळ आहे की, आत्याबाई."

"तू गप. तुला काय म्हाईत हाय?"

आणि मग एका सकाळी त्यांनी ती गोष्ट केली. रंजीला थंडीसाठी जाड कापडाचं झबलं शिवलं होतं. त्याच्या डाव्या बाहीला त्यांनी जुन्या खणाचा तुकडा जोडून ती लांब केली आणि तिचं तोंड शिवून टाकलं. म्हणजे हात आत, बाहेर नुसती पिशवी. आत्याबाई गोधडी शिवणाऱ्या होत्या. पंचक्रोशीत त्यांच्या हाताच्या गोधड्या नावाजलेल्या, कारण त्यांचा टाका दहा-दहा वर्षं उसवायचा नाही. तोच टाका त्यांनी बाहीला घातला होता.

रंजीला पहिल्यांदा गंमत वाटली. पिशवी हलवून ती कोंबड्यांना भिववायला लागली. मग कोळसा घ्यायला गेली आणि तो काही हातात येईना. तिनं पिशवीकडे बराच वेळ पाहिलं, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, हात निजला."

मी त्याच दुपारी विळीच्या टोकानं टाके उसवले. संध्याकाळी आत्याबाईंनी पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी झबलं धुवायचं निमित्त करून मी पुन्हा उसवले. झबलं वाळायच्या आत त्यांनी दोरा दुहेरी करून पुन्हा घातले. दोघी एका शब्दानं त्याबद्दल बोलत नव्हतो. एकमेकींना मीठ देत होतो, पीठ देत होतो, एकाच विहिरीवर घागरी भरत होतो आणि दिवसाआड एकीनं शिवायचं नि दुसरीनं उसवायचं असं चाललं होतं. मामंजी घरातल्या गोष्टीत तोंड घालत नसत. आणि यांना मी सांगितलं, तर म्हणाले, "अगं, थोडे दिस. सवय लागली की सुटंल आपोआप." कोणती सवय आणि कोण सुटेल, ते त्यांनी सांगितलं नाही.

आज माझ्या नातसुनेकडे मुलांना कसं वाढवावं याची पाच-सहा पुस्तकं आहेत. ती मला म्हणते, "आजी, तुमच्या वेळी किती सोपं होतं, मुलं आपोआप वाढायची." ती मनानं चांगली आहे. पण आपोआप कुणी वाढलेलं मी तरी पाहिलं नाही. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी टाके घालत होतं आणि नशीब असेल तर कुणीतरी उसवत होतं.

त्या दिवसांत रंजी भिंतीकडे जायची बंद झाली होती. उजव्या हातात मी कोळसा दिला, तर ती तो धरून नुसती उभी राहायची. ठिपके नाहीत की म्हैस नाही. बोलणंही कमी झालं होतं. पाणी पाहिजे असलं तरी मागायची नाही, माठाजवळ जाऊन उभी राहायची. मला ते बोचत होतं आणि तरी मी लपून उसवण्यापलीकडे काही करत नव्हते. त्याची लाज मला अजून वाटते. समोरासमोर भांडले असते, तर पुढचं टळलं असतं.

आमच्याकडे गुळव्या म्हणून दरवर्षी बाबूमामा यायचे. पाक कधी उतरवायचा ते ठरवणारे हे कारागीर. त्यांनी पाण्यात टाकलेली पाकाची गोळी बोटांत फिरवून "उतरा" म्हटलं, की काहील उतरायची, मामंजींचं म्हणणंही त्यात चालायचं नाही. काहील वाफ्यात ओतायची, वाफा म्हणजे जमिनीतला उथळ चौकोनी हौद, आणि तिथं गूळ घोटत घोटत गार करायचा. ढेपा भरायच्या आधी बाबूमामा पोरांना उसाच्या चिपाडावर कोमट गुळाचा गोळा द्यायचे आणि पोरं त्याच्या चिमण्या, बैल, पाटा-वरवंटा असं काय काय करायची. गेल्या हंगामात रंजी नुसती चाटायची. यंदा तिला चिमणी करायची होती, हे ती चार दिवस सांगत होती. त्या महिन्यात ती मोकळेपणानं बोलली असेल तर तेवढंच.

बाबूमामांनी गोळा दिला. "घे गं बाय, कर चिमनी."

तिनं उजव्या हातात चिपाड घेतलं. गोळा पडला. मामांनी दुसरा दिला, तोही पडला. बाकीची पोरं हसली. मी न्याहारीची पाटी उतरवत होते, पाच पावलांवर होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसली आणि शिवलेली बाही सरळ वाफ्यात घातली. तिला वाटलं असेल, आतून धरता येईल.

वरचा गूळ कोमट होता, पण आतला नव्हता. जाड कापडानं तो चटकन शोषला. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते. मी बाही ओढायला गेले तर ती निघेना, गूळ हाताला चिकटला होता आणि तोंड शिवलेलं होतं, म्हणजे हात बाहेर काढायला वाटच नव्हती. दहा वर्षं न उसवणारा टाका. विळी घरात होती. मी दातांनी दोरा तोडला. बाबूमामांनी कळशीभर पाणी ओतलं आणि चिखलात बसून मी तिचा हात मोकळा केला. दोन बोटं आणि तळव्याची कड, तेवढ्यावर फोड आले होते. जास्त भाजलं नाही, असं नंतर सगळे म्हणाले. किती भाजलं म्हणजे जास्त, ते मी कुणाला विचारलं नाही.

आत्याबाई घरातून कोरफड घेऊन पळत आल्या. कोरफडीचा गर लावता लावता त्या रडत होत्या आणि रडता रडता म्हणाल्या, "उजवा घातला आस्ता तर भाजला नस्ता गं माजी बाय."

मी तिच्या हातावर फुंकर घालत राहिले. पोर मांडीवर होती.

देवळालीत डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. तीन आठवडे भिजू देऊ नका म्हणाले. रंजी गळ्यात हात अडकवून घरभर फिरायला लागली आणि उजव्या हातानं जेवायला लागली. दुसरा इलाजच नव्हता. सांडत, चिवडत, पण उजव्यानं. चार-पाच दिवसांनी आत्याबाई ताटाशी बसल्या बसल्या तिच्याकडे बघून म्हणाल्या, "देवानंच केलं म्हनायचं. आता लागली बग सवय." आवाजात सुटका होती. आणि हेही हसून म्हणाले, "व्हय, चला, एक झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. पोरीचा भाजलेला हात आणि घरात समाधान! शिवलेल्या बाहीनं जे जमलं नाही, ते आता पट्टी करणार होती आणि या वेळी ती मला उसवताही येणार नव्हती.

त्या दुपारी आत्याबाई आणि मी जेवायला बसलो. मी डाव्या हातानं घास घेतला.

त्यांना वाटलं, काहीतरी लागलं असेल. "शालन, हात दुकतोय का?"

"नाही."

"मंग?"

"उजवा बांधलाय."

"कुटं बांधलाय? मला तर दिसंना."

"रंजीचा बांधलेला तुम्हाला दिसत होता का?"

आत्याबाईंचा घास हातातच राहिला. "सोड ह्यो चाळा. भरल्या घरात डाव्या हातानं जेवती! बगवत न्हाई."

"मग बघू नका."

त्या ताटावरून उठल्या. सासूला अर्ध्या ताटावरून उठवणारी सून म्हणून माझं नाव वस्तीभर झालं ते तेव्हापासून. मी त्या रात्रीही डाव्यानं जेवले, दुसऱ्या दिवशीही, पुरुषमाणसांची पंगत असताना त्यांच्यासमोर चुलीपाशी बसून डाव्यानं जेवले. मामंजींनी एकदाच मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हे म्हणाले, "येड लागलंय का तुला?" मी म्हटलं, "थोडे दिवस. सवय लागली की सुटेल आपोआप."

डाव्या हातानं भाकरी मोडून पाहा कधीतरी. मोडत नाही. मोडली तर उडते. आमटी ताटातून निघते ती तोंडापर्यंत येईस्तोवर निम्मी पदरावर. पहिल्या आठवड्यात मी उपाशीच राहिले म्हणा ना. पण माझी ती फजिती बघून रंजी हसली. भाजल्यापासून पहिल्यांदा हसली. "आई शांडलं! आई शांडलं!" म्हणून ती पंक्तीत नाचायला लागली. मला उपाशी राहायला काहीच हरकत नव्हती.

आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पीठ-मीठ लागलं तरी रंजीमार्फत निरोप. अशा वेळी एका दिवशी बांधावर वैरण कापताना यांनी मला सांगितलं.

"आईची धाकटी भईन हुती, सोनी. आमी पायलीच न्हाई तिला. डावरी हुती."

मी विळा थांबवला.

"लगीन झालं. सासरी पहिल्यांदा वाढाया उटली आन् भाकर डाव्या हातानं वाढली. सासूनं ताट मागं घेतलं. आठ दिसांत परत धाडली पोरीला. जलमभर माह्यारी शेन-घान केली आन् तिथंच मेली." त्यांनी कापलेली पेंढी बाजूला टाकली. "सोनीला वळान लावायचं काम आईकडं हुतं. थोरली म्हनून. लोक आईलाच बोलले."

म्हणजे त्या टाक्यांत चाळीस वर्षांची भीती होती. मला कळलं ते. आत्याबाईंबद्दल वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांचे कोरफड लावणारे हात डोळ्यांपुढं आले. पण त्याचबरोबर मला राग आला आणि तो दुसऱ्याच दिशेनं आला. सोनीच्या ज्या सासूनं एका भाकरीपायी पोरीचं आयुष्य मागं सारलं, तिचा हात कुणी कधी बांधला? तिच्या बाहीला कुणी टाका घातला? बांधायचा तो नेहमी देणाऱ्या पोरीचा. मी वैरणीचा भारा उचलला, घरी गेले आणि डाव्या हातानं जेवले.

पट्टी सुटली तेव्हा संक्रांत आठवड्यावर आली होती. हात बरा झाला होता. बोटांवर नवी, गुलाबी कातडी आली होती. पण रंजी तो हात वापरेना. काखेत दाबून ठेवायची. मी लाडीगोडी लावली, कोळसा पुढं केला, तर मान हलवायची. "हात निजला," असं पुन्हा म्हणाली आणि या वेळी तो कुणी शिवलेला नव्हता. एवढी मी कधीच घाबरले नव्हते. इतके दिवस भांडले ते सगळं पोकळ ठरणार होतं. आत्याबाई जिंकल्या असत्या तर मला चाललं असतं. पण हे तर पोरीच्या आतच जाऊन बसलं होतं, आणि तिथं भांडायला जाता येत नव्हतं.

मग मी भिंत सारवली. कोरी पांढरी. आणि भर दुपारी, भांडी तशीच टाकून, डाव्या हातात कोळसा घेऊन मी भिंतीपुढं मांडी घालून बसले. माझा डावा हात म्हणजे अगदीच अडाणी. मी म्हैस काढायला गेले तर काहीतरी लोळलेलं गाठोडं झालं. मी रंजीला बोलावलं नाही. नुसती काढत राहिले. ती चौकटीला टेकून बघत होती. दुसऱ्या दिवशीही मी बसले. ती जवळ येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मी गाठोड्याला शिंगं काढली, ती पायांच्या जागी गेली. रंजीला ते सहन झालं नाही.

"अशी नाय," ती म्हणाली. आणि काखेतला हात काढून तिनं माझ्या डाव्या हातातला कोळसा आपल्या डाव्या हातात घेतला.

तिनं गोल काढला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग माझा हात धरून मला काढायला शिकवलं, "अशी, अशी." अडीच वर्षांची मास्तरीण आणि बावीस वर्षांची बिनडोक विद्यार्थिनी. मी रडत होते आणि ती मला रागावत होती, कारण माझा गोल अजूनही गोल येत नव्हता. तिन्हीसांजेपर्यंत पट्टा भरला, मग ती पट्ट्याबाहेर गेली, दारावर गेली, उंबऱ्यावर गेली. आत्याबाई पडवीत गोधडी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं सगळं. त्यांच्या सुईत दोरा ओवलेला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

आता लोक मला सांगतात, की डावखुरी माणसं फार हुशार असतात, कलावंत असतात. जणू मी त्यासाठी भांडले! रंजी चित्रकार वगैरे झाली नाही. पोस्टात शिक्के मारण्यात तिची सगळी नोकरी सरली आणि ते तिनं डाव्या हातानं झकास मारले. ती साधीच निघाली, बेताची हुशार, थोडी तिरसट. हात तिचा होता म्हणून मी भांडले. ती अगदी मठ्ठ निघाली असती, तरी हात तिचाच होता.

संक्रांतीला आमच्या पडवीत वस्तीवरच्या बाया जमल्या. घरचाच गूळ, घरचेच तीळ. हळदीकुंकू चाललं होतं. रंजीला खडीकाम केलेल्या काळ्या कापडाचा नवा फ्रॉक घातला होता, त्याच्या दोन्ही बाह्या आखूड होत्या. तो आत्याबाईंनी शिवला होता हे मला माहीत होतं आणि आखूड बाह्यांवरून मी काही विचारलं नव्हतं. घरातल्या लहानग्यानं फिरून तिळगूळ वाटायचा, अशी आमच्याकडची रीत. रंजीनं वाटी उजव्या हातानं पोटाशी धरली आणि डाव्या हातानं एकेकीला तिळगूळ द्यायला लागली. दोघी-तिघींनी घेतला. मग ती पलीकडच्या मळ्यातल्या गंगूबाईंपुढं गेली. मानाची बाई. त्यांचं बोलणं वस्तीत चालायचं.

गंगूबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"डाव्या हातानं? सनाच्या दिशी?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पोरीला काय वळान बिळान लावलं का न्हाई गं, शालन?"

रंजीचा हात तसाच पुढं राहिला. गुलाबी बोटांत तिळगूळ. ती एकदा गंगूबाईंकडे बघत होती, एकदा आपल्या हाताकडे. मी तिचे डोळे बघितले आणि उठले. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, पण चांगलं काही नसणार.

माझ्या आधी आत्याबाई बोलल्या. बसल्या जागेवरनंच.

"वळान मी लावलंय, गंगू. हात भाजून लावलंय. बग ती बोटं."

गंगूबाईंची नजर रंजीच्या बोटांवर गेली.

"माज्या सोनीपुढनं बी असंच ताट मागं घेतलं हुतं. तवा मी गप बसले. आज न्हाई बसायची." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "घ्यायचा आसंल तर घे. न्हाईतर पोरीची वाट सोड, लई जनी बसल्यात मागं."

गंगूबाईंनी हात पुढं केला. रंजीनं तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेली. शेवटी ती आत्याबाईंपुढं आली. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, कपाळाला लावली, तिळगूळ तोंडात टाकला. मग महिन्याभरानं पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या.

"तू काय बगत उबी राह्यलीस? बायांना पानी दे."

मी आत गेले. पाणी आणलं, सगळ्यांना दिलं. कुठल्या हातानं दिलं ते मला आठवत नाही, आणि त्या दिवशी कुणी विचारलंही नाही.